शेठ, तुम्ही दवाखान्याच्या बॅटऱ्या उकळल्यात

श्री. बॅटरीवाले शेठ यांस,



तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मी या पत्रात घातलेला नाही. बाजारपेठेत तुम्हाला ओळखणारे ओळखतील. ज्यांना तुम्ही माहीत नाही, त्यांच्या तालुक्यातही तुमच्यासारखा एक जण दुकान मांडून बसलेला आहे, आणि त्याच्या गिऱ्हाइकांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे.

मे महिन्यात आमच्या गावच्या दवाखान्याचा कंपाउंडर तुमच्याकडे आला होता. त्याच्या खिशात मी लिहून दिलेली चिठ्ठी होती. २४ व्होल्टची बँक, १५० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या म्हणजे एकूण ३०० अँपिअर-तास, पाण्याच्या ट्यूब्युलर, लाइनचं व्होल्टेज वरखाली होतं, लाइट गेली की दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे, आणि पावसाळ्यात सोलर कमी पडलं की बॅटऱ्या भरायला चार्जर हवा. सगळं त्यात होतं. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, घडी घालून काउंटरच्या काचेखाली सरकवलीत आणि पोराला म्हणालात, "वरचा मोठा काढ." मग तो चार्जर कंपाउंडरच्या हातात देऊन म्हणालात, "वजन बघ. आत तांबं आहे. गॅरेजवाले हाच नेतात. कुठलीही बॅटरी असू दे, चालतो. रात्रभर लावून ठेवलास तरी काही होत नाही." आठ हजार रुपये घेतलेत. वजन खरोखर होतं, शेठ. तुमच्या बोलण्यातली तेवढी एकच गोष्ट खरी निघाली.

तुम्ही कुणाचं नुकसान केलंत हे तुम्हाला आधी कळायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. इन्सुलिन, धनुर्वाताची लस, रेबीजची लस ही सगळी २ ते ८ अंशांच्या मध्ये ठेवावी लागतात. तापली की वाया, आणि इन्सुलिन, धनुर्वाताची लस तर गोठली तरी वाया. त्या दिवसांत आमच्या डॉक्टरबाईंनी बर्फाच्या खोक्यांत औषधं राखली आणि बर्फ आणायला पोरं मोटरसायकलवर मैलोगणती धाडली. त्यानंतर गावकऱ्यांनी आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली आणि दवाखान्यावर सोलर बसवलं. ३३० वॅटची चार पॅनेल, चार बॅटऱ्या, एक साधा इन्व्हर्टर. तो बॅटरीवरून वीज देतो, पण लाइनवरून बॅटरी भरायची सोय त्यात नाही. त्या वर्गणीत शंभर-शंभर रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत. तुम्ही ज्या बॅटऱ्या मारल्यात त्या त्यांच्या आहेत.

मार्चमध्ये ही पॅनेल दिवसाला पाच युनिटं सहज देतात. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा एक युनिट मिळणंही मुश्कील होतं. चारही बॅटऱ्या तुडुंब असल्या तर त्यांत ७.२ युनिटं मावतात. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हातात राहतात साडेतीन. त्यातलं एक युनिट फ्रिज घेतो. उरलेल्यात दिवे, पंखे, दम्याच्या पेशंटसाठी नेब्युलायझर, आणि वेळ आली तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. तो एकटा तीनशे-साडेतीनशे वॅट ओढतो. सलग ढग असले तर दोन दिवसांत हिशोब संपतो आणि तिसऱ्या दिवशी बॅटऱ्या बाहेरून भराव्या लागतात. चार्जर त्यासाठी हवा होता. वर्षाचे आठ महिने त्याला काम नसतं, आणि उरलेल्या चार महिन्यांत सगळा दवाखाना त्याच्यावर चालतो. अशी वस्तू विकताना माणसाने निदान चिठ्ठी तरी दुसऱ्यांदा वाचावी.

ऑगस्टमध्ये डॉक्टरबाईंचा निरोप आला की बॅटरीच्या खोलीत सडक्या अंड्यासारखा वास सुटलाय. मी गेलो. दार उघडल्यावर नाकाला झोंबलं. बॅटऱ्यांच्या कुशीला हात लावला तर चटका बसेल इतक्या त्या तापलेल्या, आणि दोन डब्यांची पोटं फुगून बाहेर आलेली. पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट सगळेच्या सगळे तळाशी बसलेले होते. एक बूच काढून टॉर्च मारला. प्लेटांचा वरचा भाग पाण्याच्या वर उघडा पडला होता आणि सुकून पांढुरका दिसत होता. आत खालून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. मल्टिमीटर लावला तेव्हा लाइन २५४ व्होल्ट होती आणि बॅटऱ्यांच्या टोकांवर ३१.६ व्होल्ट. २४ व्होल्टच्या बँकेवर ३१.६, आणि बॅटऱ्या भरून कित्येक तास झालेले.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. त्याच्याबरोबर हायड्रोजनही निघत असतो, आणि त्याला वास नसतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. तुमच्या चार्जरला वायरच्या टोकाला दात असलेले चिमटे आहेत, बॅटरीवर अडकवायचे आणि ओढून काढायचे. प्रत्येक वेळी काढताना ठिणगी उडते. त्या चिमट्यांचे दात काळे पडलेले मी पाहिले. भिंतीपलीकडच्या बाकावर गरोदर बायका तपासणीसाठी बसलेल्या असतात, शेठ. मी चार्जर आधी भिंतीवरच्या बटणाने बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बराच वेळ गेल्यावरच चिमट्यांना हात लावला.

मग तो चार्जर खोलला. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक हाय-लोचा स्विच, एक काट्याचा मीटर. आत आणखी काही नाही. बॅटरीचं व्होल्टेज बघून हात आखडता घेईल असा एकही भाग त्यात नाही. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर बेतलेला. लाइन दहा टक्के वर गेली की त्याच्यातून निघणारं व्होल्टेजही दहा टक्के वर. आमच्याकडे रात्री अकरानंतर गाव झोपलं, भार उतरला की लाइन चढते. म्हणजे ज्या वेळी बॅटऱ्या भरत आलेल्या असतात आणि करंट कमी व्हायला हवा, नेमका त्याच वेळी तुमचा डबा जास्त जोर लावतो. आणि तुम्ही सांगितलं होतंत, रात्रभर लावून ठेव.

पाण्याच्या बॅटरीला भरायची एक रीत आहे. ती तुमच्या दुकानातल्या बॅटऱ्यांच्या माहितीपत्रकावर छापलेली असते. २४ व्होल्टच्या बँकेला आधी पूर्ण करंट देत साधारण २८.८ व्होल्टपर्यंत न्यायचं. तिथे व्होल्टेज धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. भरली की सत्तावीसच्या जरा वर आणून सोडून द्यायचं. बल्क, ॲब्सॉर्प्शन आणि फ्लोट ही या तीन टप्प्यांची नावं तुम्ही रोज ऐकता. एका सेलमागे २.४ व्होल्टच्या आसपास गेलं की वीज प्लेट भरायचं सोडून पाणी फोडायला लागते. आमच्या बॅटऱ्यांवर सेलमागे २.६३ व्होल्ट पडत होते. एक अँपिअर तासभर जास्तीचा गेला की प्रत्येक सेलमधलं सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पाणी फुटतं. बॅटऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतून पाच अँपिअर दहा तास वाया गेले असं धरलं, तर एका रात्रीत प्रत्येक सेलचं सोळा-सतरा ग्रॅम पाणी जातं. तीस रात्रींत अर्धा लिटर. प्लेटांच्या वर पाण्याचा जो साठा असतो तो एवढ्यात संपतो. जून आणि जुलैमध्ये लाइन असलेल्या प्रत्येक रात्री हेच चाललं होतं.

आता जनरेटरचं ऐका, कारण तुमचा माल तिथे उलट्या बाजूने फसला. जुलैत चार दिवस लाइन नव्हती. डॉक्टरबाईंनी जनरेटर लावून त्यावर चार्जर जोडला. चार्जरवर ३० अँपिअर लिहिलेलं होतं. मी पुढे त्याच जोडणीवर क्लॅम्प मीटर लावून पाहिलं, तर जेमतेम ११ अँपिअर जात होते. त्याचं कारण साधं आहे. असा चार्जर लाइनच्या लाटेच्या फक्त शेंड्यावर करंट ओढतो, आणि छोट्या पेट्रोल जनरेटरची लाट भार पडला की शेंड्यालाच चपटी होते. त्यामुळे तो लाइनवर जास्त भरतो आणि जनरेटरवर कमी. निम्म्यावर आलेली आमची बँक ३० अँपिअरने तीन-साडेतीन तासांत ऐंशी टक्क्यांवर येते. ११ अँपिअरने तेवढ्यालाच आठ तास लागतात, आणि आठ तास जनरेटर चालवायला पेट्रोल लागतं. रस्ता खचलेला असताना ते पेट्रोल कुठून आणायचं होतं? बॅटऱ्या ते चारही दिवस अर्ध्यामुर्ध्या राहिल्या. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. एका चार्जरने बॅटऱ्या उकळूनही मारल्या आणि उपाशी ठेवूनही मारल्या.

काय द्यायला हवं होतं ते सांगतो. हे तुम्हाला येत नाही असं मी मानत नाही, कारण तीस वर्षं तुम्ही बॅटऱ्या विकता आहात. पाण्याच्या ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहा टक्के करंट सर्वसाधारणपणे मानवतो, म्हणजे ३०० ला ३० अँपिअर. भरताना फ्रिज आणि दिवे चालू राहणार, त्यांचं वेगळं धरलं तर ३५-४० अँपिअरचा. पाच-सात अँपिअरचा घेतला तर पोहोचत नाही, शंभरचा घेतला तर बॅटरी तापते. चार्जर स्विच-मोडचा, आत व्होल्टेज सांभाळणारा, तीन टप्प्यांत भरणारा, आणि कुठल्या जातीची बॅटरी आहे ते निवडता येईल असा. तो लाइन १७० असो की २६०, बाहेर ठरलेलं तेवढंच देतो. जनरेटरवर चालवायचा म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारलेला हवा, म्हणजे फक्त शेंड्यावर नव्हे तर सगळ्या लाटेवर करंट ओढणारा. ३० अँपिअर गुणिले २८.८ व्होल्ट म्हणजे ८६४ वॅट. चार्जरमधली तूट धरून जनरेटरकडून हजार वॅटच्या आसपास. पॉवर फॅक्टर चांगला असेल तर हे जनरेटरला अकराशे व्हीएच्या आत पडतं. तो ०.६५ असेल तर तेवढ्याच कामाला साडेपंधराशे व्हीए लागतात, आणि त्यावर फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दोन केव्हीएचा जनरेटर आचके द्यायला लागतो. हा हिशोब तुमच्या काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात होतो.

बॅटरीला चिकटवायची तापमानाची तार असलेला चार्जर असता तर आणखी बरं. कोकणातली बॅटरीची खोली मे महिन्यात ३५ अंशांवर जाते. २५ अंशांवर २८.८ व्होल्ट बरोबर असतील तर ३५ वर अर्धा व्होल्ट कमी लागतो. थंड हवेच्या प्रदेशासाठी छापलेला आकडा इथे आंधळेपणाने लावला तरी पाणी जास्त उडतं. आणि वायर चिमट्यांची नको. दाबून बसवलेले लग, जाड तांब्याची आखूड केबल आणि बॅटरीजवळ डीसी फ्यूज. हे सगळं मिळून तुमच्या डब्याच्या दुप्पट-अडीचपट पैसे झाले असते. डॉक्टरबाईंनी ते दिले असते. कंपाउंडरने तुम्हाला स्वस्तातला द्या असं म्हटलंच नव्हतं.

असा चार्जर असता तर पावसाळ्यात दवाखान्याने सकाळी तीन तास जनरेटर चालवला असता, बँक ऐंशी टक्क्यांवर आणली असती आणि जनरेटर बंद केला असता. पुढच्या वीस टक्क्यांना करंट कमी लागतो पण वेळ फार लागतो, त्यासाठी पेट्रोल जाळायचं कारण नाही. ते काम ढगाळ दिवसातही पॅनेल थोडंथोडं करत राहतात. संध्याकाळी-रात्री चार्जरने बँक गच्च भरली तर सकाळच्या उन्हाला बॅटरीत जागाच राहत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. ज्यांच्याकडे लाइन आणि सोलर दोन्ही सांभाळणारा पीसीयू आहे त्यांनी लाइनवरून भरण्याची मर्यादा खाली ठेवावी ती याच कारणाने.

तुमचा चार्जर मुळात वाईट यंत्र आहे असं माझं म्हणणं नाही. गॅरेजमध्ये तो बरोबर आहे. तिथे ट्रकची बॅटरी बाकड्यावर ठेवतात, चार-सहा तास लावतात, माणूस मध्ये येऊन हायड्रोमीटर बुडवतो, बघतो आणि काढून टाकतो. तिथे व्होल्टेजवर नजर माणसाची असते. आमच्या दवाखान्यात रात्री तिथे कुणी नसतं. माणसाशिवाय चालवायच्या जागी माणसाशिवाय न चालणारी वस्तू तुम्ही जाणूनबुजून विकलीत. माझा आरोप एवढाच आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

तक्रार केल्यावर तुम्ही जे केलंत त्याने मला जास्त संताप आला. तुमचा माणूस कॅन घेऊन आला, बूच काढलं आणि "ॲसिड कमी झालंय" म्हणत ओतायला निघाला. मी त्याचा हात धरला. उकळून जातं ते पाणी. ॲसिड आतच राहतं आणि दाट होत जातं. माझ्या हायड्रोमीटरवर एका सेलमध्ये १.३०० आलं होतं, जिथे भरलेल्या बॅटरीत १.२४० च्या आसपास यायला हवं. त्यात आणखी ॲसिड ओतलं असतं तर उरलेल्या प्लेटाही खाल्ल्या गेल्या असत्या. अशा वेळी फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. तीस वर्षांच्या दुकानातल्या नोकराला हे शिकवलं नसेल तर तो दोष त्या पोराचा नाही.

नंतर फोनवर तुम्ही म्हणालात, "या बॅटऱ्या काढून टाका, लिथियम टाका. चार्जर हाच चालेल." हे वाक्य तुम्ही आणखी कुणाला सांगितलं असेल तर कृपा करून आजच त्यांना फोन करा. २४ व्होल्टच्या लिथियम फॉस्फेट पॅकमध्ये आठ सेल असतात आणि एका सेलची वरची हद्द ३.६५ व्होल्ट, म्हणजे सगळा मिळून २९.२. त्यावर ३१.६ व्होल्ट रेटणारा डबा लावायचा आणि पॅकमधल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, दर वेळी तोडून वाचवायचं, याला चार्जिंग म्हणत नाहीत. बीएमएस हा शेवटचा बचाव आहे, रोजचं नियंत्रण चार्जरनेच करायचं असतं. लिथियमला इक्वलायझेशन, म्हणजे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जास्तीचं चार्जिंग, नको, कायमचं फ्लोटही नको, त्याच्यासाठी सेटिंग असलेला चार्जर वेगळा लागतो. सीलबंद व्हीआरएलए बॅटरी असेल तर तिच्यात पाणी घालायला बूचच नसतं. तुमच्या डब्याने ती एकदा सुकवली की ती गेली.

चारपैकी एकही बॅटरी वाचली नाही. साठ हजारांवर नुकसान आहे. सध्या डॉक्टरबाई इन्सुलिन पलीकडच्या गावातल्या एका घरच्या फ्रिजमध्ये ठेवतात आणि पेशंट तिथपर्यंत चालत जातात.

माझ्या मागण्या सरळ आहेत. चार्जर परत घ्या आणि आठ हजार परत करा. बॅटऱ्यांची किंमत भरून द्या. मेलेल्या बॅटऱ्या भंगारात न देता रीतसर पुनर्प्रक्रियेसाठी पाठवा, त्यांत शिसं आहे आणि आमच्या विहिरी त्याच उताराला आहेत. पक्कं बिल तुम्ही दिलं नाहीत, पण दुकानाचा शिक्का असलेल्या कोटेशनच्या कागदावर तुमच्याच अक्षरात "सोलर बॅटरीसाठी चार्जर, २४ व्होल्ट" असं लिहिलेलं आहे आणि खाली रक्कम व सही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आमची पहिली नोंद झालेली आहे. दिवाळीपर्यंत तुमच्याकडून उत्तर आलं नाही तर पुढचा कागद आयोगाकडे जाईल.

आणि वाचकहो, घराला, शेताला, शाळेला चार्जर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला त्यावरच्या पट्टीवर बोट ठेवून विचारा की हा किती व्होल्टवर थांबतो आणि किती व्होल्टवर धरून ठेवतो. पट्टीवर नुसतं "२४ व्होल्ट ३० अँपिअर" असेल आणि दुकानदाराला दुसरा आकडा सांगता आला नाही, तर तो चार्जर घेऊ नका.

आपला,
दवाखान्याची विजेची कामं बघणारा एक गावकरी